मदत हवी आहे: फ्लूच्या लशीनंतर वाढलेला क्लोन लशीमुळेच वाढला, हे कशावरून ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात बायोइन्फर्मेटिक्समध्ये एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी सार्वजनिक संग्रहातला डेटा घेतला आहे. काही प्रौढांचं रक्त फ्लूची लस टोचण्याआधी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घेतलेलं, आणि त्यातल्या बी पेशींच्या (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) अँटिबॉडी जनुकांचं सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षरांच्या क्रमाचं वाचन, केलेलं. प्रयोग दुसऱ्यांनी केलेत, माझ्या हातात फास्टक्यू फायली, म्हणजे वाचलेले कच्चे क्रम, तेवढ्या. इथे प्रयोगशाळेत रोज बी पेशी हाताळणारे सभासद आहेत, म्हणून इथे विचारते.

विषय नवीन असलेल्यांसाठी थोडं सांगते, कारण मला स्वतःला हा भाग विलक्षण सुंदर वाटतो. आपल्या शरीरात असंख्य तऱ्हेच्या अँटिबॉडी तयार होतात, पण तितकी जनुकं आपल्याकडे नाहीत. प्रत्येक बी पेशी घडताना व्ही, डी आणि जे या तुकड्यांच्या संचांमधून एकेक निवडून जोडते आणि सांध्यावर काही अक्षरं गाळते, काही नवी घालते. तोनेगावांना १९८७ चं नोबेल याच उलगड्यासाठी मिळालं. हा सांधा ज्या भागात येतो तो सीडीआर३, आणि तो जवळजवळ प्रत्येक मूळ पेशीचा निराळा असतो. म्हणून तो वाचला की एकाच पेशीपासून झालेला सगळा वंश, म्हणजे क्लोन, ओळखता येतो. लशीतला अँटिजन जिच्या रिसेप्टरला चिकटतो ती पेशी भराभर विभागते. फ्लूच्या लशीनंतर सातव्या दिवसाच्या आसपास तिच्यापासून झालेले प्लाझ्माब्लास्ट, म्हणजे अँटिबॉडी बाहेर सोडणाऱ्या पेशी, रक्तात उसळतात आणि दोन आठवड्यांत बहुतेक दिसेनासे होतात.

आता अडचण. एका व्यक्तीत लशीआधी अजिबात न दिसलेला क्लोन सातव्या दिवशी सगळ्यात मोठा झालाय. दुसऱ्या व्यक्तीत सगळ्यात मोठा क्लोन आधीही तेवढाच मोठा होता. तिसऱ्या व्यक्तीत वाढ दिसते, पण तो क्लोन आयजीए या प्रकारच्या अँटिबॉडीचा आहे. मार्गदर्शक विचारतात, "वाढलंय ते नक्की काय? पेशी की आरएनए?" लायब्ररीत (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेल्या नमुन्यात) यूएमआय, म्हणजे प्रत्येक मूळ रेणूला लावलेली वेगळी खूण, वापरलेत, त्यामुळे पीसीआरमध्ये झालेल्या प्रती मी एकत्र केल्या आहेत. तरी या प्रश्नाला छातीठोक उत्तर देता येत नाही. आणि पेशी वाढल्या असं सिद्ध झालं, तरी त्या फ्लूलाच चिकटतात हे नुसत्या क्रमावरून म्हणता येईल का?

दुसरं म्हणजे, क्लोन ठरवताना मी व्ही जनुक तेच, जे जनुक तेच, सीडीआर३ ची लांबी तीच आणि अक्षरं किमान ८५ टक्के सारखी, असा निकष लावला आहे. तो चालेल का?

प्रतिसाद: लसिका

तुमच्या मार्गदर्शकांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. यूएमआय रेणू मोजतो, पेशी नाही. विश्रांतीतल्या बी पेशीपेक्षा प्लाझ्माब्लास्टमध्ये अँटिबॉडीचा आरएनए कितीतरी पट जास्त असतो, कारण अँटिबॉडी बनवून बाहेर सोडणं हेच तिचं काम. त्यामुळे दोन-चार प्लाझ्माब्लास्टसुद्धा शेकडो यूएमआय देऊन अख्खा आलेख व्यापू शकतात. डीएनएपासून केलेल्या लायब्ररीत हा गोंधळ नसतो, पण तिथे अँटिबॉडीचा प्रकार आयजीजी की आयजीए ते सहसा कळत नाही.

तुमच्याकडे आरएनएच आहे, तर आधी मेटाडेटा (नमुन्यांची सोबत दिलेली माहिती) नीट वाचा. एकाच रक्तनमुन्यातल्या पेशींचे वेगवेगळे वाटे करून स्वतंत्र लायब्ररी केल्या आहेत का ते बघा. असतील तर एखादा क्लोन किती वाट्यांत सापडतो ते मोजा. तीन-चार वाट्यांत स्वतंत्रपणे दिसला, तर नमुन्यात त्याच्या एकाहून जास्त पेशी आहेत हे नक्की. मात्र एकाच आरएनएच्या दोन लायब्ररी केल्या असतील तर हा पुरावा धरता येत नाही, फरक लक्षात ठेवा. वाटे नसतील तर विभागताना झालेल्या म्युटेशनमुळे क्लोनमध्ये किती वेगवेगळे क्रम आहेत ते पाहा. भरपूर फांद्या असलेला वंशवृक्ष नमुन्यातल्या एकाच पेशीतून येत नाही. उलट एकच क्रम आणि प्रचंड यूएमआय, असं असेल तर हात आखडता घ्या.

लशीआधी "अजिबात नव्हता" असं लिहू नका, "नमुन्यात सापडला नाही" असं लिहा. शरीरातल्या लिंफोसाइट्सपैकी जेमतेम दोन टक्के एका वेळी रक्तात असतात, आणि त्या रक्तातलेही तुम्ही पाहताय ते थोडे मिली. शिवाय प्रौढांना फ्लू आयुष्यात कितीदा तरी होऊन गेलेला असतो. तुमच्या क्लोनमध्ये सातव्याच दिवशी भरपूर म्युटेशन असतील तर ती जुनी स्मृतिपेशी (आधीच्या फ्लूच्या वेळी तयार होऊन टिकलेली बी पेशी) जागी झाली असण्याचीच शक्यता जास्त. सात दिवसांत शून्यातून तेवढी म्युटेशन होत नाहीत.

आयजीएबद्दल सावध राहा. निरोगी माणसाच्या रक्तात एरवीही थोडे प्लाझ्माब्लास्ट फिरत असतात, आणि त्यांतले बरेचसे आतडं, श्वासमार्ग अशा श्लेष्मल आवरणांशी संबंधित आयजीए असतात. दंडात टोचलेल्या फ्लूच्या लशीनंतर मुख्यतः आयजीजी वाढतं. तो क्लोन लशीचा नाहीच असं मी म्हणत नाही, पण त्याच्यावर निष्कर्ष उभा करू नका.

आता चिकटण्याचं. क्रमावरून ते सिद्ध होत नाही. एमरी विद्यापीठात रफी अहमद यांच्या गटाने २००८ मध्ये ते प्रयोगाने तपासून दाखवलं होतं. लशीनंतरच्या एकेका प्लाझ्माब्लास्टमधून जड आणि हलक्या साखळ्यांची (अँटिबॉडीच्या दोन घटकांची) जनुकं काढली, अँटिबॉडी बनवल्या आणि त्या फ्लूला चिकटतात का ते तपासलं. बहुसंख्य चिकटल्या. त्यामुळे सातव्या दिवशीची आयजीजी वाढ हा चांगला संकेत आहे एवढं तुम्ही म्हणू शकता. पण "हा क्लोन फ्लूचा" असं एखाद्या विशिष्ट क्लोनबद्दल म्हणायला ती अँटिबॉडी बनवूनच बघावी लागते, आणि त्यासाठी जड-हलकी जोडी लागते. तुमच्या मोठ्या लायब्ररीत ती जोडी तुटलेली असणार.

प्रतिसाद: सह्यकडा

८५ टक्के डोळे झाकून लावू नका. प्रत्येक क्रमाचं त्याच्या सर्वांत जवळच्या क्रमापासूनचं अंतर काढा आणि हिस्टोग्राम बघा. बहुतेक वेळा दोन उंचवटे दिसतात, नात्यातले आणि परके. मधल्या दरीत रेषा ओढा. इमकँटेशन या सॉफ्टवेअर संचात याची सोय आहे. सीडीआर३ अगदी छोटा असेल तर परकेही योगायोगाने सारखे दिसतात, ते क्लोन वेगळे तपासा.

प्रतिसाद: धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मेटाडेटा पाहिला, पेशींचे स्वतंत्र वाटे केलेले आहेत! वाट्यांमधल्या हजेरीवर पुन्हा मोजते आणि आयजीए क्लोन मुख्य तक्त्यातून वेगळा काढते. हिस्टोग्राममध्ये दरी दिसतेय, पण ८५ वर नाही, थोडी वर.

एक गोष्ट मात्र कळत नाहीये. एका व्यक्तीत १-६९ या व्ही जनुकाच्या जवळजवळ प्रत्येक क्रमात एकाच जागी तेच "म्युटेशन" दिसतं, बहुतांशी न बदललेल्या आयजीएम प्रकारातसुद्धा.

प्रतिसाद: लसिका

मग ते म्युटेशन नसून त्या व्यक्तीचं अलील, म्हणजे त्याच जनुकाचं जन्मजात वेगळं रूप, असण्याची दाट शक्यता आहे. १-६९ मध्ये माणसागणिक बराच फरक असतो. ५४ व्या जागी काहींना फेनिलॲलनिन, काहींना ल्युसिन, आणि फ्लूच्या हिमाग्लुटिनिनच्या (विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाच्या) देठाला चिकटणाऱ्या अनेक अँटिबॉडींना तिथलं फेनिलॲलनिन लागतं. आयएमजीटी या अँटिबॉडी जनुकांच्या संदर्भ संग्रहाच्या यादीतलं दुसरं अलील जुळतं का ते आधी पाहा. यादीतच नसेल तर टायगर ही आज्ञावली वापरून त्या व्यक्तीचा जीनोटाइप (तिच्याकडची अलील्स कोणती ते) काढा आणि त्यावरच म्युटेशन पुन्हा मोजा. नाहीतर न बदललेल्या पेशीही बदललेल्या दिसतील आणि स्मृतिपेशींचा सगळा हिशोब चुकेल. आपल्याकडच्या लोकांचा डेटा कधी हाताळायला मिळाला, तर हे काम सगळ्यात आधी करा. संदर्भ यादीत आपली अलील्स अजून पुरेशी आलेली नाहीत.

नवा हिस्टोग्राम आणि वाट्यांचा तक्ता इथेच टाका, बघून सांगते.