निकालाआधी नववीचा पट विचारा
शाळा निवडताना 'दहावीचा निकाल सलग १०० टक्के, मग आणखी काय बघायचं?' असं म्हणणं मला अजिबात पटत नाही. माझा भाचा नववीत गणितात मागे पडला, तेव्हा त्याच्या अनुदानित शाळेने ताईला बोलावून १७ नंबरचा फॉर्म भरायला सुचवलं. म्हणजे पोरगं खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसणार आणि नापास झालं तरी शाळेचा निकाल शाबूत. ताई रडतच घरी आली होती.

प्रवेश घेण्याआधी नववीचा पट किती होता आणि त्यातली किती मुलं दहावीला नियमित बसली, हे विचाराच. गणित-विज्ञानाचे शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर, हेही. विषयाच्या १०० पैकी तोंडी-प्रात्यक्षिकासारखे २० गुण शाळाच देते, त्यामुळे नुसत्या टक्केवारीवरून शिकवणं कळत नाही.