थीम पार्कमधील रांग आणि पॅनिक अटॅक

प्रश्न (धरमपेठ, नागपूर):
दिवाळीच्या सुट्टीत भाचरांना घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला जाण्याचे घाटत आहे. मला पॅनिक अटॅकचा त्रास असून उंच राइडपेक्षा कठड्यांमधल्या रांगेचीच धास्ती अधिक वाटते. मागेपुढे माणसे दाटली की छाती धडधडू लागते, हातांना मुंग्या येतात आणि आता येथून सुटका नाही, असे वाटते. जावे की टाळावे?

प्रतिसाद १:
जरूर जावे. अटॅक सहसा १० मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो व मग ओसरू लागतो. जलद श्वासामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि त्यातून मुंग्या येतात, म्हणून श्वास भरभरून घेण्यापेक्षा तो सावकाश सोडण्यावर भर द्यावा. मी कठड्याच्या गार लोखंडावर तळहात टेकवून, मनात ६ पर्यंत मोजत श्वास सोडते. (मागचे बघतात, बघू द्यावे.)

प्रतिसाद २:
रांगेत शिरण्यापूर्वी बाहेर पडण्याची वाट कर्मचाऱ्यांना विचारून ठेवावी आणि कॉफी टाळावी, कारण कॅफीनने धडधड वाढू शकते. सराव हवा असल्यास सणाच्या दिवसांत सीताबर्डीच्या मेन रोडवर सायंकाळी फेरी मारावी. ती गर्दी कोणत्याही पार्कला हार जाणार नाही. मात्र छातीत प्रथमच दुखत असेल, तर घरच्या घरी निदान न करता डॉक्टरांना दाखवावे.

प्रतिसाद ३:
टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते. निघण्यापूर्वीच एकदा बोलून घ्यावे.