मदत हवी आहे: रात्री दारं धरायला जाणाऱ्या नानांसाठी बॅटरी कुठली घ्यावी?

मंडळी, नमस्कार.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, घरचा चार एकर ऊस. थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. रात्रीची पाळी आली की नाना (वय ६३) दहा-अकराला मोटर चालू करतात आणि पहाटेपर्यंत दारं धरतात, म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवतात. उसात बिबट्या असणं आमच्याकडे आता नवलाचं राहिलेलं नाही, पण आईला त्याहून जास्त धास्ती आहे ती बांधावरच्या घोणशीची. मी नोकरीला पुण्यात. निदान त्यांच्या हातात धड बॅटरी असावी एवढं तरी माझ्याकडून व्हायला हवं, म्हणून हा धागा. (बॅटरी म्हणजे टॉर्च. आत घालतो तो सेल.)

गेल्या महिन्यात रात्री दोनच्या सुमाराला ऐन वाफ्यात नानांची बॅटरी मंद होत होत विझली. मोबाईलच्या उजेडात चार पावलांपलीकडे काही दिसेना. एका हातात फोन, दुसऱ्या हातात खोरं, असे ते पाऊण तास चिखलात उभे होते. ती बॅटरी मीच ऑनलाईन मागवून दिली होती. खोक्यावर लिहिलं होतं १०००० लुमेन. मला ते फार लागलं आहे.

त्यानंतरच्या रविवारी गावी गेले, तेव्हा ही बॅटरी आणि आतेभावाची जरा महागातली बॅटरी शेजारी ठेवून पाहिल्या. पडवीत अंधार केला, पाच मीटरवर फोन उभा केला आणि लक्स (एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप) मोजायचं ॲप लावलं. फोनचा सेन्सर अचूक नसतो हे मला माहीत आहे, पण फोन तोच आणि अंतर तेच असल्यामुळे तुलनेला चालावा.

माझी झूमवाली पूर्ण ओढल्यावर सुरुवातीला ४०० लक्स, अर्ध्या तासाने १००. आतेभावाची सुरुवातीला १४४, अर्ध्या तासाने १३६, दोन तासांनीही १३०च्या आसपास. पहिल्या मिनिटाला कोणालाही माझीच भारी वाटली असती, मलाही तसंच वाटलं होतं. भिंतीवर मात्र तिचा झोत म्हणजे आतल्या चिपचा चौकोनी ठसा, त्याच्या बाहेर काळोख. आतेभावाच्या बॅटरीचा मधला ठिपका कमी प्रखर, पण भोवती पायाखालपर्यंत उजेड पसरलेला.

बांधणीत तर फरक हातातच कळतो. माझ्या बॅटरीचं पुढचं डोकं सरकतं त्या फटीत वाळका चिखल होता आणि भिंगाच्या आत वाफ धरलेली. सेल प्लॅस्टिकच्या नळीत घालून बसवलेला, हलवली की खुळखुळते. मागचं झाकण दोनच आटे फिरलं की निघून येतं आणि बटणावरचं रबर अंगठ्याखाली फाटलं आहे. लहानपणी घरात तीन सेलची पितळी एव्हरेडी होती. ती दोनदा पाटात पडली, सेल काढून उन्हात ठेवली की परत लागायची.

मला विचारायचंय ते असं. लांब झोताची घ्यावी की पसरट उजेडाची? चार तास एकसारखा उजेड देणारी बॅटरी खरोखर मिळते का? आणि दुकानात पाच मिनिटांत मजबुती कशी ओळखायची? बजेट अडीच हजारांपर्यंत, नानांसाठी थोडं वरही चालेल.

प्रतिसाद १

ताई, तुम्ही लक्स मोजलेत हे फार बरं केलंत, कारण त्यावरून पुढचा हिशोब मांडता येतो. लक्सला अंतराच्या वर्गाने गुणलं की कँडेला मिळतो. पाच मीटर, म्हणजे पंचवीसने गुणा. तुमची ४०० गुणिले २५, म्हणजे १०००० कँडेला. त्याचं वर्गमूळ १००, त्याची दुप्पट २०० मीटर. चांगल्या खोक्यांवर जे झोताचं अंतर छापतात ते असंच काढलेलं असतं, आणि त्या अंतरावर पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड धरतात. तेवढ्या उजेडात गवतातलं जनावर ओळखू येत नाही. मी छापलेल्या अंतराच्या निम्मंच खरं धरतो. अर्ध्या तासाने तुमचे १०० लक्स राहिले, म्हणजे अंतर २०० वरून १०० मीटरवर आलं.

लुमेन हा एकूण उजेड, कँडेला ही एका दिशेची प्रखरता. झूम ओढल्याने लुमेन वाढत नाहीत, उलट थोडे आतच अडतात.

आता १०००० लुमेनचं. चांगली एलईडी बॅटरी एका वॅटला ढोबळमानाने १०० लुमेन देते. म्हणजे १०० वॅट लागतील, आणि एवढ्याशा नळीत ती उष्णता जाणार कुठे? १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब) चांगल्यातला चांगला ३५०० एमएएचच्या (सेलच्या क्षमतेचं माप) आसपास असतो. त्यात साधारण साडेबारा वॅट-तास वीज बसते. त्यातून ३०० लुमेन चार तास मिळतात. २१७०० सेल ५००० एमएएचचा घेतलात तर ४५० लुमेन चार तास. सेल हाच असेल, तर याहून जास्त लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. १८६५० सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो हातात तोलून पाहा. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो, नकली बहुतेकदा हलका लागतो.

प्रतिसाद २

मी बॅटऱ्या उघडून दुरुस्त करतो, त्यामुळे मजबुतीबद्दल सांगतो.

दुकानात आधी मागचं झाकण उघडा. आटे चौकोनी कापाचे, जाड आणि ग्रीस लावलेले असावेत. आट्यांच्या बुडाशी काळी रबरी रिंग असते, ती सैल किंवा चिरलेली नको. मग सेल बसवून कानाजवळ जोरात हलवा. आवाज आला तर ठेवून द्या. स्प्रिंग दोन्ही टोकांना असेल तर उत्तम, पडली तरी सेलचा टेकू सुटत नाही. मग मोठ्या उजेडावर तीन-चार मिनिटं चालू ठेवा आणि डोक्याला हात लावा. चांगली बॅटरी तापते, कारण चिपची उष्णता बाहेर धातूत येते. प्रखर उजेड असूनही बाहेरून थंडगार राहिली, तर उष्णता आत कोंडते आहे आणि चिप लवकर जाणार. चांगल्या बॅटरीत तापमान वाढलं की उजेड आपोआप थोडा उतरतो, तो बिघाड समजू नका.

पाण्यासाठी आयपीएक्स७ किंवा ८ पाहा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे, पाटात पडली तर संपली. झूम नकोच. डोकं पुढेमागे सरकताना पिचकारीसारखी आत हवा ओढतं, आणि हवेबरोबर ओल. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायच्या बॅटऱ्यांत बहुतेकदा लहान लेड ॲसिड बॅटरी असते. पूर्ण उतरवून तशीच ठेवली की वर्षभरात ती मरते, त्याही टाळा.

रबरी रिंगला वर्षातून दोनदा सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको, काही रबरं त्याने फुगतात.

प्रतिसाद ३

मी आंबेगावचा, माझीही रात्रपाळी असते. ताई, बॅटरी एक नको, दोन घ्या. दारं मोडताना दोन्ही हात खोऱ्यावर असतात, बॅटरी काखेत धरली की उजेड भलतीकडेच जातो. कपाळाला बांधायचा हेडलॅम्प घ्या, पसरट झोताचा, शंभर-दीडशे लुमेन पुरे. तो पायासाठी. हातातली लांब झोताची, ती फक्त उसाच्या कडेला फिरवायला. फडाच्या तोंडाशी जाण्याआधी मी झोत जमिनीलगत सावकाश फिरवतो. जनावर असेल तर आधी डोळे चमकतात. मग जवळ जायचं नाही, आवाज करत मागे यायचं. एकट्याने जायचं नाही हे तर आहेच, बॅटरी कितीही भारी असली तरी.

घोणशीसाठी उजेडाचा रंग बघा. निळसर पांढऱ्या उजेडात पाचट आणि घोणस एकाच राखी रंगाची दिसतात. मी ५००० केल्व्हिनची (हे उजेडाच्या रंगछटेचं माप), रंग नीट दाखवणारी बॅटरी घेतली, खोक्यावर सीआरआय ९० लिहिलेलं असतं. त्यात तपकिरी रंग सुटा दिसतो आणि अंगावरचे गोल ठिपके ओळखू येतात. लुमेन थोडे कमी मिळतात, पण मला तो सौदा पटला. वर्कोसची एफसी११ अशीच आहे, १८६५० सेलवर चालते आणि टाईप सीने चार्ज होते.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. हेडलॅम्पचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नानांना आत्ता फोनवर विचारलं, ते म्हणाले, काखेत धरून धरून खांदा दुखतो. हे त्यांनी आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. मग हेडलॅम्प आधी आणि हातातली झूम नसलेली, आयपीएक्स८, असं ठरवते.

एकच राहिलं. बटण मागे असावं की बाजूला? नानांचे हात ओले असतात आणि बोटं जाड आहेत. त्यांना लुकलुकणारे आणि एसओएसचे प्रकार अजिबात नको आहेत.

प्रतिसाद २

मागे, कट्‌कन आवाज होणारं. अंधारात बोटाने शोधावं लागत नाही, मूठ धरली की अंगठा तिथेच येतो. शिवाय ते बंद केलं की वीज पूर्ण तुटते. बाजूचं इलेक्ट्रॉनिक बटण पिशवीत दाबलं जाऊन बॅटरी चालू राहते आणि ऐन वेळी सेल उतरलेला मिळतो. ज्या बॅटरीत बाजूचं बटण आहे ती घेतलीत, तर न वापरताना मागचं झाकण पाव आटा सैल करून ठेवायला सांगा. जादा सेल दिलात तर प्लॅस्टिकच्या डबीत द्या, खिशात किल्ल्यांबरोबर नको.

प्रतिसाद ३

रात्रीची पाळी कधीपासून आहे?

धागाकर्ती

गुरुवारपासून.

प्रतिसाद ३

मग हातातली सावकाश बघून घ्या. हेडलॅम्प तेवढा बुधवारच्या आत नारायणगावला कुणाबरोबर तरी पाठवा.