मदत हवी आहे: गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचे कोणते मॉडेल घ्यावे?

नमस्कार. मामाने दिलेली मूळ गेमबॉयची (निन्टेंडोचे हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम यंत्र) सहा आणि त्यानंतरच्या अ‍ॅडव्हान्सची चार कार्ट्रिजेस (गेम असलेल्या डब्या) माझ्याकडे आहेत, मात्र ती चालवायला यंत्र उरलेले नाही. २००१ चे पहिले मॉडेल हातात छान बसते, परंतु त्याच्या पडद्याला प्रकाशच नसल्यामुळे रात्री दिव्याखाली मान वाकडी करून खेळावे लागते. २००५ चा मायक्रो देखणा खरा, पण मूळ गेमबॉयची कार्ट्रिजेस त्यात चालत नाहीत, म्हणून तो बाद. राहता राहिला घडीचा एसपी. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत: एजीएस-००१ मध्ये पडद्याला प्रकाश समोरून मिळतो, तर एजीएस-१०१ मध्ये मागून, त्यामुळे रंग कितीतरी उजळ दिसतात. साहजिकच किंमतही चढी आहे.

एका विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोत तळाच्या लेबलवर १०१ दिसते, परंतु कवच इतके कोरे करकरीत आहे की ते नंतर बदललेले असावे, अशी शंका येते. प्रकाशाचे बटण दाबल्यावर दिवा पूर्ण विझला तर ००१ आणि नुसता मंद-प्रखर झाला तर १०१, ही खूण पुरेशी मानावी का? की स्वस्तातले ००१ घेऊन त्यात नवा पडदा बसवून घेणे शहाणपणाचे ठरेल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.