मदत हवी आहे: गवताळ रानाची हिरवाई आणि पाऊस यांचा मेळ लागेना

नमस्कार मंडळी,

एका गवताळ भागात पाऊस-तापमान बदललं की गवतावर काय परिणाम होतो, हे उपग्रहांच्या आकड्यांवरून तपासते आहे. 2000 पासूनचा मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाचा एनडीव्हीआय (हिरवाई मोजणारा निर्देशांक) घेतलाय (एक पिक्सेल 250 मीटरचा, दर 16 दिवसांनी एक चित्र), पाऊस चिर्प्स या पावसाच्या आकडेसंचाचा, तापमान ईआरए-5 लँड या हवामानाच्या आकडेसंचाचं.

त्याच महिन्याचा पाऊस समोर ठेवला तर सहसंबंध जेमतेम 0.2 येतो. पाऊस एक महिना मागे सरकवला की 0.5 च्या वर जातो. ओल मुरून गवत फुटायला वेळ लागणारच, हे समजतं. पण प्रत्येक पिक्सेलला जिथे सर्वांत मोठा आकडा येईल तिथे थांबायचं, हे मनाला पटत नाही. हवं ते उत्तर येईपर्यंत सरकवत राहिल्यासारखं होतं.

दुसरी अडचण ढगांची. एका पिक्सेलचा एनडीव्हीआय 0.52 वरून 0.19 वर आला आणि पुढच्याच चित्रात 0.56! गवत इतक्यात वाळून पुन्हा हिरवं होत नाही. अशी चित्रं गाळली तर भर वाढीचा काळच हातातून जातो.

हे नीट व्हायला हवं, कारण पुढे पावसाने न उलगडणारी घट मी चराईशी जोडणार आहे. पावसाचा हिशोब चुकला तर गवत कमी झाल्याचं खापर विनाकारण गुरं चारणाऱ्यांवर फुटेल. कसं करू?

प्रतिसाद:
आधी हिरवाई आणि पाऊस दोन्हींतलं ऋतुचक्र काढा. त्या-त्या महिन्याच्या अनेक वर्षांच्या सरासरीपासूनचा फरक घ्या आणि मग सहसंबंध बघा. नाहीतर दोन्ही दरवर्षी एकाच सुमारास चढतात-उतरतात, एवढंच मोजलं जातं. किती महिने मागे सरकवायचं ते निम्म्या वर्षांवर, सगळ्या भागासाठी एकदाच ठरवा आणि उरलेल्या वर्षांवर पडताळा. चिर्प्सचा एक चौकोन साधारण 5 किलोमीटरचा, त्यात मोडिसचे चारशेहून जास्त पिक्सेल बसतात. त्या सगळ्यांना पाऊस एकच, तेव्हा त्यांना चारशे वेगळे पुरावे धरू नका.

ढगांसाठी पिक्सेल रिलायबिलिटीचा थर (प्रत्येक पिक्सेल किती भरवशाचा ते सांगणारा) वापरा: 0 (चांगला) ठेवा, 1 ला (जेमतेम) कमी वजन द्या, 2 (बर्फ) आणि 3 (ढग) काढा. सावित्झकी-गोले (आकड्यांतले चढउतार गुळगुळीत करणारी पद्धत) त्यानंतर. गवत विरळ असेल तर मातीचा रंग आकड्यात मिसळतो, तिथे सावी (मातीचा परिणाम कमी करणारा हिरवाईचा निर्देशांक) लावून बघा.

आणि उरलेली घट थेट चराईच्या नावावर टाकू नका. वणवा, झुडपांचा शिरकाव हेही त्याच उरलेल्यात असतं.

धागाकर्ती:
मनापासून आभार. ऋतुचक्र काढल्यावर 0.5 चा 0.34 झाला, पण वर्षांचे दोन्ही गट एकाच महिन्याकडे बोट दाखवताहेत. झुडपं मोडिसच्या पिक्सेलमध्ये वेगळी दिसणार नाहीत. त्यासाठी सेंटिनेल-2 या जास्त बारकाईने टिपणाऱ्या उपग्रहांची कोरड्या ऋतूतली चित्रं, गवत वाळलेलं आणि झुडूप हिरवं असतानाची, कुणी वापरली आहेत का?