द्राक्षाची विरळणी हजेरीने द्यावी की उक्ती?

तासगाव_मांडव: अडीच एकर बाग आहे, 9×5 फूट अंतर, ऑक्टोबर छाटणी. विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढणं, हजेरीने (रोजावर) दिली की काम लांबतं आणि मणी फुगून कात्री आत जाईनाशी होते. एकरी उक्ती (कामाचा ठोक दर ठरवून) दिली की चटकन उरकतं, पण घडाचा गाभा तसाच गच्च राहतो आणि मण्यांना कात्रीची टोकं लागतात. दर कसा लावावा?

पलूस_शिवार: एकरावर दर लावूच नका. 9×5 ला एका झाडाला 45 चौरस फूट, म्हणजे एकरी 968 झाडं. त्यातली तुटाळ (मेलेली, रिकामी झाडं) वजा करा आणि दर झाडावर ठरवा. पण त्याआधी घडांची संख्या सारखी करून घ्या. एका झाडावर 25 घड आणि दुसऱ्यावर 40, तर त्याच दरात दीडपटीहून जास्त काम पडतं, मग जड झाडावर हात आखडतो. जादा घड काढायचं काम हजेरीनेच द्या. कुठला घड ठेवायचा हे बघून ठरवावं लागतं, तिथे घाई महागात पडते.

दर काढायला दोन नीट काम करणाऱ्या बाया अर्धा दिवस लावा आणि झाडं मोजा. सगळ्यात चपळ बाई धरू नका. समजा एकीची दिवसाला 12 झाडं होतात आणि हजेरी 400 आहे, तर झाडाला 33 रुपये पडतात. दर 40 ठेवा. उक्त्यात हजेरीएवढंच सुटणार असेल तर कोण कशाला हात उचलेल? झाडावर दर असला की बाई-गडी असा हजेरीतला फरकही उरत नाही, आणि तो उरूच नये.

सोनी_मळा: दरापेक्षा तपासणी महत्त्वाची. बारा जणींची टोळी एकत्र मोजली तर एकीने जोर लावला तरी त्यातला बारावा हिस्साच तिच्या पदरात पडतो. म्हणून जोडीला एक ओळ द्या आणि ओळीच्या खांबाला त्यांच्या रंगाची चिंधी बांधा. संध्याकाळी प्रत्येक ओळीत कुठलीही तीन झाडं बघा. घड हातात घेऊन हलकेच दाबा, पाकळ्या (घडाचे छोटे फाटे) हलल्या पाहिजेत. गच्च लागला तर त्याच जोडीने सकाळी आधी ती ओळ पुन्हा करायची, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ही अट काम सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर सांगा. पैसे कापण्यापेक्षा हे बरं.

अमेरिकेत मोटारींच्या काचा बसवणाऱ्या सेफलाईट कंपनीत ताशी पगार जाऊन नगावर पैसे आले, तेव्हा माणशी काम 44 टक्के वाढलं. एडवर्ड लाझिअर यांचा हा अभ्यास 2000 साली छापून आला. तिथेही बसवताना काच फुटली तर त्याच कारागिराला आपल्या वेळात ती पुन्हा बसवावी लागे. शिवाय त्या वाढीतली साधारण निम्मीच जुन्या माणसांच्या वेगामुळे होती. बाकीची, चांगले कारागीर टिकले आणि नवे आले म्हणून. आपल्याकडेही झाडावर दर लागला की चपळ जोड्या पुढच्या वर्षी आपणहून विचारायला येतात, फक्त त्यांनी जास्त कमावलं म्हणून दर पाडू नका. एकदा पाडलात की पुढे सगळ्या ठरवून हळू करतील.

तासगाव_मांडव: थोडी रक्कम माल उतरेपर्यंत मागे ठेवली तर? आणि छाटणीनंतरचं पेस्टिंगही (डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावणं) असंच झाडावर देऊ का?

पलूस_शिवार: माल उतरेपर्यंत नको. मधे गारा, दावण्या रोग, काहीही होतं, त्याचा भार बायांवर का? ओळ तपासली की दुसऱ्या दिवशी पूर्ण हिशेब करा.

पेस्टिंग मात्र हजेरीनेच. सुटलेला डोळा त्या दिवशी दिसत नाही, आठ-दहा दिवसांनी बाकीचे फुटले की कळतं, तोवर टोळी दुसऱ्या बागेत असते. शिवाय पेस्टिंगचं औषध, हायड्रोजन सायनामाईड, विषारी आहे, उक्त्याच्या घाईत हातमोजे आधी निघतात. ते हाताळण्याआधी आणि नंतरही काही दिवस दारू वर्ज्य, हे टोळीतल्या गड्यांना स्पष्ट सांगा.