डेस्कटॉपची रॅम वाढवताना काय काय घडलं? अनुभव सांगा

गोव्यातल्या मंडळींनी घरच्या किंवा दुकानातल्या पीसीत रॅम टाकली असेल, तर चुकांसकट लिहा. सुरुवात मी करतो.

फोंड्याला माझं डीटीपीचं काम. चवथीच्या आधी पत्रिका आणि आरत्यांच्या पुस्तिकांची रीघ लागते, आणि ४ जीबीवर कोरलड्रॉ उघडलं की माऊस जागचा हलेना. घाईघाईने पणजीहून ८ जीबीची डीडीआर४ पट्टी आणली (डीडीआर३, डीडीआर४ या रॅमच्या पिढ्या). बसेचना! जुनी पट्टी काढून शेजारी ठेवली तेव्हा दिसलं, मधली खाच दोन्हींची वेगळ्या जागी. माझा मदरबोर्ड डीडीआर३चा, २४० पिनांचा, डीडीआर४ला २८८. जोर केला असता तर स्लॉटच गेला असता. दुकानदाराने बदलून दिली, पण ऐन गर्दीतला दिवस गेला तो गेलाच. म्हणून कळकळीने सांगतो, आधी जुन्या पट्टीचं लेबल वाचा: पीसी३ म्हणजे डीडीआर३, पीसी४ म्हणजे डीडीआर४. किती स्लॉट भरलेत ते टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली दिसतं.

म्हापसा
४ची ८ जीबी केली, तरी वापरायला मिळेना. विंडोज ३२-बिट होती, ती ४ जीबीच्या पुढे जातच नाही! ६४-बिट टाकल्यावर सगळी दिसू लागली.

मडगाव
माझ्याकडे २६६६ची एक होती, ३२०० वेगाची दुसरी घेतली. दोन्ही २६६६वरच चालतात, पण मुलांच्या ऑनलाइन तासांना काही अडत नाही. बोर्डवर चार स्लॉट आहेत. मी दोन्ही लागोपाठ लावल्या होत्या. बोर्डच्या माहितीपुस्तिकेत दुसरा आणि चौथा लिहिलेत. तशा लावल्यावरच ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही पट्ट्यांचं एकाच वेळी जोडीने काम, सुरू झालं.

वास्को
आमचं घर समुद्राला लागून, त्यात जुलै. नवी पट्टी लावली आणि स्क्रीन काळी, नुसते बीप. पोटात गोळाच आला, बाबांचे सगळे हिशेब त्याच मशीनमध्ये. वायर काढली, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला आणि दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या. जुनीचे सोनेरी दात काळपट पडले होते. पांढऱ्या खोडरबरने हलकेच घासले, कण झटकले. नवीचं एक टोक मुळात बसलंच नव्हतं. या वेळी दोन्ही टोकांना अंगठ्याने सारखं दाबलं. आधी डावीकडे ‘कट्’, मग उजवीकडे. रात्रभर मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी लावून ठेवली. सकाळी चहा घेऊन बाबाच आधी बघायला गेले: एकही एरर नाही.